कूर्मदासाची वाट

पैठणच्या कूर्मदासाची कथा कीर्तनकारांनी इतक्या वेळा सांगितली आहे की तिच्यातला मूळ प्रश्न झिजून गुळगुळीत झाला आहे. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीच्या वाटेला लागला. सरपटत, लोळत तो लहुळ गावापर्यंत, म्हणजे आजच्या माढा तालुक्यातील लऊळपर्यंत पोहोचला आणि तिथे त्याचे अंग थकले. एकादशी तोंडावर आलेली, पंढरी अजून काही कोस दूर. तेव्हा विठ्ठलच उठून त्याच्याकडे आला. श्रोत्यांचे डोळे येथे पाणावतात आणि बुवा भक्तीच्या थोरवीकडे वळतात. परंतु कथेचा उत्तरार्ध नीट ऐकला तर त्यात वाटेविरुद्ध दिलेला एक निवाडा आहे. 'अजून थोडे सरपट' असे देवाने कूर्मदासाला सांगितले नाही. त्याने स्वतःची जागा सोडली. पुढच्या शतकांत मराठी समाजाने कूर्मदासाच्या सरपटण्याचा गौरव मनापासून केला. विठ्ठलाच्या उठून येण्याचे अनुकरण मात्र कोणी केले नाही.

या अनुकरणाच्या अभावाचा हिशेब मांडायचा तर पंढरपूरलाच जायला हवे असे नाही. तो बंगळूरच्या सर्जापूर रोडवरही मांडता येतो. कोरमंगलाच्या कडेने निघून आगर, बेळ्ळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोम्मसंद्र असे करीत आनेकल तालुक्यातल्या सर्जापूर गावाकडे जाणारा हा रस्ता गेल्या दोन-तीन दशकांत उंच गृहसंकुलांनी वेढला गेला. संगणकाच्या व्यवसायात असलेल्या मराठी कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे आणि त्यांच्यामागोमाग सातारा, नागपूर, नाशिककडून आलेले त्यांचे वृद्ध आईवडीलही. अशा वृद्धांपैकी एखादी निवृत्त शिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. तीस वर्षे तिने मुलांना शहाजीराजे शिकवले. आता गुडघे आणि मग कंबर गेल्यामुळे ती चाकांच्या खुर्चीत आहे. तिची राहण्याची सोय उत्तम आहे. इमारतीला लिफ्ट आहे, दाराशी उतार आहे, बागेतली वाट सपाट फरशीची आहे. घरे विकताना 'ज्येष्ठांसाठी खास' म्हणून या उतारांची जाहिरातही झालेली असते. मात्र ही सारी सपाटी संकुलाच्या फाटकापाशी संपते. फाटकाबाहेर पदपथ आहे तिथे त्यावर विजेचा खांब, रोहित्र नाहीतर पाणीपुरीची गाडी आहे आणि जिथे यांपैकी काही नाही तिथे पदपथच नाही.

येथेच एक गोष्ट स्पष्ट होते. उतार बांधणे या देशाला येत नाही असे नव्हे. पैसे मोजणाऱ्याच्या भिंतीआड तो बिनतक्रार बांधला जातो. सार्वजनिक जागेत त्याचे नाव काढताच मात्र तो खर्चिक, अव्यवहार्य आणि वारसास्थळी तर साक्षात विद्रूपीकरण ठरतो. उताराला विरोध खरोखरीच तांत्रिक असता तर तो संकुलाच्या आतही दिसला असता.

त्या शिक्षिकेला काय पाहायचे आहे? फार काही नाही. १६३८ च्या सुमारास विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले, हे वाक्य तिने शेकडो वेळा उच्चारले आहे. शहाजींच्या या दक्षिणेतील दरबारात जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचला, त्यात अनेक भाषांतील कवींना बोलते केले आणि विसाव्या शतकात राजवाड्यांनी तो संपादून प्रसिद्ध केला, हेही तिला ठाऊक आहे. व्यंकोजींचे नाव ज्याच्याशी जोडले जाते ते मल्लेश्वरमचे काडु मल्लेश्वर मंदिर, किल्ल्याचा उरलेला तुकडा, जवळचा टिपूचा वाडा आणि जमल्यास बेगूरच्या नागेश्वर मंदिरातील तो शिलालेख, ज्यात 'बेंगळूरु' हे नाव हजारएक वर्षांपूर्वी कोरले गेले. एवढीच तिची यादी. बेगूर तर सर्जापूर रोडवरून तासाभराच्या आत येते, अर्थात रहदारीने कृपा केली तर.

या यादीचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. भाड्याच्या मोटारीची मागची जागा बहुधा गॅसच्या टाकीने व्यापलेली असते, म्हणून खुर्ची बसत नाही. बसलीच तर किल्ल्यापर्यंत पोहोचता येते. १५३७ मध्ये केंपेगौडाने मातीचा बांधला असे ज्याविषयी सांगतात, हैदर अलीने १७६१ मध्ये दगडाचा केला आणि १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने जिंकला, त्या किल्ल्याचा आज दिल्ली दरवाजा आणि थोडा तट एवढाच भाग उभा आहे. कृष्णराजेंद्र मार्केटचे मेट्रो स्थानक त्याच्या शेजारी आहे आणि त्यात लिफ्ट आहे. पण लिफ्टमधून वर आलेली खुर्ची बाजाराच्या ज्या कल्लोळात ढकलली जाते त्यातून शे-दोनशे पावले पार करणे हा एक स्वतंत्र पराक्रम आहे. टिपूच्या सागवानी वाड्यात खालच्या दालनांशी तडजोड करता येईल. पण त्या वाड्याचे सारे वैभव वरच्या मजल्याच्या सज्जांत आहे आणि तिथे जिन्यानेच जाता येते. देवळांचे उंबरठे तर उंच असणारच, ते ओलांडूनच आत जायचे असते. अशा वेळी कुटुंबात जे ठरते ते बोलून ठरत नाही. सून म्हणते, 'आई, तुम्ही इथे सावलीत बसा, आम्ही पटकन जाऊन येतो.' आणि मग सगळ्यांच्या चपला, पाण्याच्या बाटल्या आणि नातवाची टोपी तिच्या मांडीवर येते.

चपला सांभाळणे ही भारतीय पर्यटनातील एक न लिहिलेली नेमणूक आहे. कुठल्याही देवळाच्या पायथ्याशी, लेण्याच्या वाटेवर, गडाच्या माचीखाली ही माणसे बसलेली असतात. त्यांना कोणी वगळलेले नसते, प्रेमानेच बसवलेले असते. म्हणूनच त्यांची मोजणी होत नाही. तिकीटखिडकीवर जो येतच नाही तो आकड्यांत कसा यावा? आणि मग अधिकारी कागदावर लिहितो की अपंग पर्यटकांची संख्या नगण्य असल्याने खर्चाचे समर्थन होत नाही. विहिरीवर दोर ठेवायचा नाही आणि मग इथे पाणी भरायला कोणी येत नाही असे म्हणायचे, असा हा तर्क आहे. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदवल्या आणि त्यांतील साधारण पाचवा हिस्सा हालचालीशी निगडित अपंगत्वाचा होता. या शिक्षिकेसारखे, म्हातारपणाने खुर्चीत बसवलेले, जे स्वतःला अपंग म्हणवूनच घेत नाहीत, ते त्या आकड्यात कितपत आले असतील याची शंकाच आहे.

कायद्याची उणीव नाही. पहिला अपंग व्यक्ती अधिनियम १९९५ मध्ये आला. ३ डिसेंबर २०१५ रोजी 'सुगम्य भारत' मोहिमेची घोषणा झाली. त्याच महिन्यात 'विकलांग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' म्हणण्याची सूचना पंतप्रधानांनी केली आणि ती इतक्या तत्परतेने अमलात आली की पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत मिळाली नसेल. पाटी बदलली, पाटीखालची पायरी राहिली. २०१६ च्या नव्या अधिनियमाने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याची मुदत घातली. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये सरली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना त्या नियमांतील पंधरावा नियम रद्द ठरवला. कारण सुगमतेचे निकष त्याने बंधनकारक न करता केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवले होते. सक्तीचे निकष तीन महिन्यांत करावेत असेही न्यायालयाने सांगितले. दृष्टिहीन याचिकाकर्त्याने २००५ मध्ये दाद मागितली आणि एवढा साधा दोष अधोरेखित व्हायला एकोणीस वर्षे गेली. अधिनियमाने 'करावे' म्हणायचे आणि नियमांनी ते 'केल्यास बरे' असे वाचायचे, ही कला भारतीय प्रशासनाला चांगली अवगत आहे.

काहीच करता येत नाही, या म्हणण्याचे खंडन इतिहासाने एकदा फार सुबकपणे केले आहे. २००१ च्या जानेवारीत भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. मुंबईतील परिषदेनंतर ते दिल्लीला गेले आणि त्यांनी स्मारके पाहण्याची इच्छा दर्शवली. जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि कुतुबमिनार, जंतरमंतर यांसारख्या दिल्लीतील काही स्मारकांवर लाकडी उतार बसवले गेले. दगड तडकले नाहीत. मिनार कलला नाही. जे शतकानुशतके शक्य नव्हते ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत शक्य झाले आणि तो पाहुणा गेल्यावर ते पुन्हा अशक्य झाले. अडचण दगडाची असती तर ती हॉकिंग यांनाही आडवी आली असती. ती पाहणाऱ्याच्या पायरीची, म्हणजे सामाजिक पायरीची होती.

आता प्रतिपक्षाचे जे खरोखर वजनदार आक्षेप आहेत त्यांकडे वळावे. पुरातत्त्वाचे रक्षक म्हणतात की वास्तू जशी आहे तशी राखणे हे त्यांचे पहिले कर्तव्य आहे. हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही स्मारकाचा लोकोपयोगी वापर त्याच्या जतनाला साहाय्यक ठरतो असे म्हणताना त्या वापराने वास्तूची मांडणी व अलंकरण बदलू नये अशी अट घातली आहे. भारतीय कायद्याने २०१० पासून संरक्षित स्मारकाभोवतीचे शंभर मीटर निषिद्ध क्षेत्र ठरवले, तेही उचितच झाले. पण या शुचितेच्या रक्षणाची उदाहरणे पाहिली की मन साशंक होते. त्याच शंभर मीटरांत तिकिटांची खिडकी उभी राहते. प्रवेशाशी लोखंडाची फिरती दांडी बसते, जिच्यातून धडधाकट लठ्ठ माणूसही तिरपा होऊन जातो. प्रकाशझोतांचे खांब रोवले जातात आणि ध्वनिप्रकाशाचे खेळ होतात. हे सारे वास्तूच्या मूळ रूपात होते असे कोणी म्हणत नाही. मग सुटा लाकडी उतार, जो उद्या उचलून ठेवता येतो आणि ज्यासाठी एक खिळाही ठोकावा लागत नाही, तोच काय तो अस्सलपणाचा शत्रू ठरावा? मानक असे आहे की एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा. म्हणजे वीतभर पायरीला नऊ फुटांची फळी पुरते. स्कूटर घरात चढावी म्हणून गल्लोगल्ली जे उभे, घसरडे सिमेंटचे ओघळ घातलेले असतात, त्यांना कोणतीही परवानगी आड येत नाही. देशात स्कूटरचा मान मोठा आहे.

दुसरा आक्षेप अधिक मराठी आहे आणि म्हणून अधिक कसाचा. तो म्हणतो, दुर्ग या शब्दाचा अर्थच जिथे जाणे दुष्कर ते स्थान. गडाच्या पायऱ्या, वळणे आणि अरुंद दरवाजे येणाऱ्याला अडवण्यासाठीच घडवलेले आहेत. ते सोपे करणे म्हणजे गडाचे गडपण नाहीसे करणे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसायादीत दाखल झालेल्या बारा मराठा दुर्गांविषयी हा मुद्दा हिरिरीने मांडला जातो. त्याला उत्तर रायगडानेच देऊन ठेवले आहे. त्या गडावर एका दरवाजाचे नाव मेणा दरवाजा आहे. राजस्त्रियांचे मेणे तेथून जात, असे परंपरा सांगते. ज्या स्थापत्याने शत्रूसाठी महादरवाजाची वळणे रचली त्याच स्थापत्याने स्वतःच्या माणसांपैकी न चालणाऱ्यांची वाटही धरली होती. दुर्गमता परक्यासाठी होती. पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, त्या हत्तीला चढता याव्यात म्हणून, असे सांगतात. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा एवढा उंच की अंबारीचा हत्ती त्यातून जावा. हत्ती, घोडे, तोफांचे गाडे आणि पालख्या या साऱ्यांचा विचार जुन्या बांधकामाने केला. इटलीतील लुक्का गावाचा तटही याच जातीचा. सोळाव्या-सतराव्या शतकांत बांधलेला हा सुमारे चार किलोमीटरांचा तट एवढा रुंद आहे की पुढे त्यावर झाडे लावून फिरण्याचा रस्ता केला गेला. तोफा आणि घोडे वर नेण्यासाठी घातलेल्या उतारांवरून आज तिथे म्हातारी माणसे, बाबागाड्या आणि चाकांच्या खुर्च्या जातात. गावाने नवे काही जोडले नाही, जुन्याचा नवा उपयोग ओळखला. चाकाला अडवणे ही इतिहासाची शिकवण आहे, असे म्हणणाऱ्याने इतिहासातील चाके मोजलेली नाहीत.

इटलीचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच 'त्यांच्याकडे पैसा आहे' असे म्हणण्याची पद्धत आहे. पैसा आहे, पण टेकड्यांवरची दगडी गावे, उंच पायऱ्यांची चर्चे आणि ओबडधोबड फरसबंदीही तिथेच आहे. पेरुजा या टेकडीवरील शहराने १९८३ मध्ये जुन्या किल्ल्याच्या पोटातूनच सरकते जिने वर नेले. ते खुर्चीला पुरेसे नाहीत, पण उंची ही नियती नव्हे एवढे त्यांनी दाखवले. १९८९ मध्ये त्या देशात अडथळे दूर करण्याचा कायदा झाला आणि २००८ मध्ये सांस्कृतिक स्थळांसाठी वेगळी मार्गदर्शक सूत्रे निघाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले पोंपेई पाहायला जाणाऱ्याला त्याच्या रस्त्यातील मोठाले दगड आडवे येतात. रोमन लोक ज्यांवरून रस्ता ओलांडत ते हे दगड हलवणे म्हणजे पुराव्यालाच हात लावणे. तिथे दगड हलवले नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांच्या कडेकडेने, प्रमुख वास्तूंना जोडणारी तीन किलोमीटरांहून लांब सुगम वाट आखली गेली. साऱ्या पोंपेईत खुर्ची जात नाही. पण पोंपेईत खुर्ची जाते.

युरोपची वाखाणणी येथेच थांबवलेली बरी, कारण चुका तिथेही ढळढळीत आहेत. व्हेनिसमध्ये २००८ साली मोठ्या कालव्यावर एका विख्यात वास्तुशिल्पज्ञाचा नवा पूल झाला, तोही पायऱ्यांचा! ओरड झाल्यावर त्याच्या कठड्यालगत खुर्चीसाठी एक अंड्यासारखी सरकती पेटी २०१३ मध्ये बसवली गेली. ती संथ होती, उन्हात तापे, वारंवार बंद पडे आणि २०२० मध्ये काढूनच टाकली. आधी विसरायचे आणि मग यंत्र चिकटवायचे, याचे हे महागडे उदाहरण. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट सुरू झाली तेव्हा तिचे स्वागत झाले. पण त्याच सुमारास माथ्यावर घातलेल्या काँक्रीटच्या वाटांवर अनेक पुरातत्त्वज्ञांनी टीकेची झोड उठवली आणि तीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. अपंगांच्या नावाखाली गर्दी रिचवण्याची सोय होऊ शकते. हा धोका खरा आहे. पण त्यावरचा उपाय चांगला उतार हाच आहे. उतारच नको म्हटल्याने वारसा वाचत नाही, फक्त माणसे कमी होतात.

तिसरा आक्षेप बोलून दाखवला जात नाही, तो मनात असतो. तो असा की एवढे पाहायची हौस कशाला? खुर्चीत बसलेल्याने औषध, रेशन, फार तर नोकरी मागावी. सहल मागणे ही चैन झाली. सहानुभूतीच्या भाषेत गरजांची जी उतरंड लावली जाते तिच्यात आनंदाचे मडके नेहमी तळाशी जाते आणि वरची मडकी कधीच उतरवली जात नाहीत. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला 'चाकाची खुर्ची' हे नाव दिले तेव्हा मराठी वाङ्मयात त्या खुर्चीला एक स्वतंत्र नाम म्हणून स्थान मिळाले. पण तिचे स्थान अजून पुनर्वसनाच्या प्रकरणात आहे, प्रवासवर्णनाच्या नाही. मराठीत प्रवासवर्णनांची केवढी समृद्ध परंपरा आहे आणि तिच्यातला प्रवासी किती निरपवादपणे दोन पायांवर उभा आहे! त्याला दमलेले चालते, आजारी पडलेले चालते. पण पायरीपाशी थांबून परत फिरलेला निवेदक त्या परंपरेत सापडत नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार एकदा तरी करावा. वर्णन उंबरठ्याच्या आतून सुरू होते हे आपण गृहीत धरले आहे.

उचलून नेण्याचा जो प्रेमळ तोडगा सुचवला जातो त्याविषयी चार शब्द आवश्यक आहेत. अजिंठ्याला आणि घारापुरीला डोलीवाले आहेत, त्यांच्या खांद्यांवर अनेक वृद्धांनी बोधिसत्त्व आणि त्रिमूर्ती पाहिली आणि त्या खांद्यांची घरेही चालली. डोलीला नाक मुरडणे हे सुखवस्तू माणसाचे लक्षण आहे. पण डोलीची मजुरी तिकिटाच्या कैक पट पडते, म्हणजे जो चालू शकत नाही त्याच्याकडूनच वारशाची जास्त किंमत वसूल होते. जिथे डोली नाही तिथे मुलगा, जावई आणि रिक्षावाला मिळून खुर्ची उचलतात. खुर्ची तिरपी होते, खुर्चीतली बाई डोळे मिटून घेते, भोवती बघे जमतात आणि उतरल्यावर ती म्हणते, 'पुढच्या वेळी नको रे.' ही नम्रता नव्हे. चार जणांच्या कमरेचा हिशेब तिच्या आनंदातून वजा झालेला असतो. काही देवळांत तर खुर्चीची चाके बाहेरची, म्हणून अशुद्ध ठरतात. पालखीचे दांडे मात्र शुद्ध असतात. परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने विठ्ठलाची मूर्ती विजयनगरला नेली आणि भानुदासांनी ती परत पंढरीला आणली. ज्या देवाने एवढा प्रवास दुसऱ्यांच्या हातून केला त्याला चाकांचा विटाळ व्हावा, हे त्याच्या भक्तांनीच ठरवलेले दिसते. हंपीच्या विठ्ठलमंदिराकडे आता बॅटरीवरच्या गाड्या जातात. देव तिथे नाही, पण वाट आहे.

मागणीही अवाजवी करू नये. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर खुर्ची जाणार नाही आणि तशी कोणी मागणीही करीत नाही. कड्यापुढे सर्वांनीच नम्र व्हावे. तक्रार आहे ती जिथे कडा नाही तिथल्या कड्यांविषयी. बंगळूरच्या किल्ल्यापाशी कोणता सह्याद्री आडवा येतो? बेगूरच्या अंगणातील शिलालेख वाचायला कोणते शिखर सर करावे लागते? एक नीट वाट, दाराशी सुटा उतार, फिरत्या दांडीशेजारी एक रुंद फाटक, खुर्ची वळेल एवढे स्वच्छतागृह आणि तिकीटखिडकीवर प्रामाणिक माहितीची एक पाटी, एवढ्यानेही बरेच काही होते. ही शेवटची गोष्ट तर जवळजवळ फुकट आहे. पायऱ्या किती, त्यांना कठडा आहे का, कोठपर्यंत सपाट आहे, बसायला जागा कुठे, हे आधी कळले तर माणूस निर्णय स्वतः घेतो. आज 'सर्व सोयींनी युक्त' असे लिहिलेले असते आणि सर्व सोयींचा अर्थ वाहनतळ व शीतपेयांचे दुकान असा निघतो. जिथे आधीपासून विचार झाला तिथे तो परवडलाही, हे याच शहराच्या मेट्रोने दाखवले आहे. सर्जापूर रोडच्याच कैकोंड्रहळ्ळी तलावाचे पुनरुज्जीवन नागरिकांच्या सहभागाने झाले आणि त्याच्या काठाने फिरण्याची वाट झाली. तिथे त्या शिक्षिकेला पाणी, बगळे आणि संध्याकाळ मिळते. पाणपक्षी शहाजीराजांविषयी काही सांगत नाहीत एवढेच.

चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा ज्ञानदेवांनी बसलेली भिंत चालवली, ही कथा मराठी माणसाला लहानपणी सांगितली जाते आणि मोठेपणी तो तिच्यावर व्याख्याने देतो. भिंत चालवणाऱ्या परंपरेच्या वारसांना उंबरठ्याशी एक फळी ठेवणे जड जावे, याचे समर्थन कोणत्याही सनदेत सापडणार नाही.

रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. ज्या चढाला पायी दोन-तीन तास लागतात तो पाळणा काही मिनिटांत चढतो आणि हजारो वृद्धांनी त्यामुळे गडाचा माथा पाहिला. त्याविरुद्धही गडपणाचा युक्तिवाद झाला असेल. आज मात्र तो कोणी आठवत नाही. पाळणा जिथे थांबतो तिथून राजवाड्याच्या परिसराकडे, मेणा दरवाजाकडे जायला पुन्हा पायऱ्या आहेत. सर्जापूर रोडची ती शिक्षिका दिवाळीच्या सुट्टीत मुलाबरोबर तिथवर गेली तर तिला वारा लागेल, खाली दरी दिसेल, समोर पायऱ्या दिसतील. मेण्यातून राणी ज्या दारातून गेली ते दार त्यांच्या वर आहे. मुलगा म्हणेल, 'आई, तू बस, आम्ही सिंहासनाची जागा पाहून येतो.' त्या जागेवर काय काय घडले हे तिने त्यालाच तिसरी-चौथीत असताना शिकवलेले असेल. ती हो म्हणेल आणि पिशव्या मांडीवर घेईल.